विहीणबाईंची करवत मशीन

बोरी, ता. जिंतूर
२ डिसेंबर २०२३

दिनकरराव व्याही यांस तानुबाईचा रामराम.

इकडं समदे खुशाल. तुमची लेक अपेक्षा बरी हाय, तुमचा जावई मंजी आमचा हरिओम बरा हाय. आमचे मालक कापूस येचायला बाया मिळंनात मनून सकाळपासून बोंबलायलेत, मंजी तेबी बरे हायेत.

पत्र कामून लिवायलेय ते सांगते. फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई. दिवाळीला मी "जेवलात का" इचारलं तर तुमी "व्हय, दोन डबे जास्तीचे लावलेत" मनले. तवाच ठरवलं, ह्या माणसासंगं बोलायचं तर कागदावर बोलायचं. मी सातवी शिकलेली हाय आन अक्षर तुमच्या जावयापरीस चांगलं हाय.

आता कामाचं. बैलं इकल्यापासून गोठा रिकामाच पडलाय. परवा झाडायला घेतला तर कोपऱ्यात पोत्याखाली एक करवत मशीन निघाली. तीच ती, साखळीची, झाडं कापायची, दोरी ओढून चालू करायची. आमच्या सासऱ्यानं जिंतूरच्या कुण्या वखारवाल्याकडून कवा आणली, कामून आणली, कुणालाच मालूम न्हाई. मालक मनले भंगारात घाला. तेवढ्यात अपेक्षा भाकर तव्यावर सोडून पळत आली. "आत्या, हात लावू नका, आदी आण्णांना इचारा. त्यांच्याकडं असल्या तेरा हायेत."

तेरा. मी तर खालीच बसले. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, मालकीण वारलेली, पूर्ण्याला एकटा राहतो, आन घरात तेरा करवती. लोक पोपट पाळतात, गुलाब लावतात. तुमी ह्यांचं करता काय ते कळवा. मशीन पाहिजे असंल तर तुमचीच हाय. फुकट हाय, पण येऊन न्यावी लागंल.

भाकर करपली ते येगळंच.

तानुबाई

---

पूर्णा
८ डिसेंबर २०२३

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, तीन वेळा वाचलं. फोनवर मी अंदाजानं उत्तरं देतो, निम्मी बरोबर येतात. सगळी नोकरी डिझेल इंजनाच्या पोटात डोकं घालून केली, कान तिथंच राहिले. पत्रातला माणूस मात्र मला सगळाच्या सगळा ऐकू येतो, तेव्हा लिहीत जा.

करवतींचं काय करतो विचारलंत. कापत काही नाही. हिरव्या झाडाला माझी एकही मशीन आजवर लागलेली नाही. मला ती नुसती चालू करायची हौस. भंगाराच्या ढिगात, वखारीच्या मागं, कुठं कुण्या ठेकेदाराच्या ओसरीत अशी एखादी जुनी मशीन गंजत पडलेली दिसली की माझा पाय पुढं निघत नाही. घरी आणायची, खोलायची, एकेक पुर्जा धुऊन कापडावर मांडायचा. जो पुर्जा बाजारात मिळत नाही तो लेथवाल्याच्या मागं लागून करून घ्यायचा. मग एक दिवस दोरी ओढली की ती हातात थरथरते. आवाज मला येत नाही, पण मनगटाला कळतं, हां, ही उठली.

नावंही ठेवलीत. जी ज्या गावाजवळ मिळाली तिला तिथल्या स्टेशनाचं नाव. मिरखेल, पिंगळी, चुडावा, लिंबगाव, परतूर अशी. मिरखेल फार मानी आहे, थंडीत दहा वेळा दोरी ओढल्याशिवाय बोलत नाही. तुमच्या मशिनीची पंचाईत अशी, की बोरीला रेल्वेच नाही.

रंग कोणता, दोरी शाबूत आहे का, साखळी फिरते का, ते कळवा. मी जानेवारीत येतोच. तोवर एक करा, साखळीला आणि तिच्या पट्टीला भरपूर तेल घालून ठेवा. तेलात कंजुषी करू नका.

आपला
दिनकर

---

बोरी
५ जानेवारी २०२४

दिनकरराव यांस रामराम.

बोरीला स्टेशन न्हाई तर काय झालं, बसस्टँड हाय. रेल्वेवाल्यांना वाटतं रूळ गेले तेवढाच मुलूख.

रंग कवाकाळी नारंगी असावा, आता उन्हाळ्यातल्या ढेकळासारखा दिसायलाय. दोरी हाय. साखळी पयल्या दिवशी फिरत होती, आता फिरंना.

तुमी सांगितलं तसंच केलं. घाण्यावरून नवं करडीचं तेल काढून आणलं होतं, त्यातलं गडवाभर घातलं. कंजुषी केली न्हाई. मालक बाजूला उभे राहून मनायलेत, "माझ्या भाजीत येवढी धार पडली न्हाई कवा." मी मनलं, तुमच्या भाजीचं कुठं रेल्वेच्या फिटरनं सांगितलंय. मंग मुरावं मनून पत्र्यावर उन्हात ठेवली, लोणच्यासारखी. दोन आठवडे तिकडं बघितलंच न्हाई, तूर काढायची गडबड चालू होती. परवा बघितलं तर साखळी पट्टीला अशी धरून बसलीय की हरिओमनं पकडीनं ओढली तरी हलंना. वरून चिकट पिवळा थर आलाय, त्याला मुंग्याबी लागल्यात.

आता खरं सांगा, मी नासवली का ती आदीच मेलेली होती?

तानुबाई

---

पूर्णा
११ जानेवारी २०२४

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून हसता हसता ठसका लागला, शेजारी पाणी घेऊन आले. चूक तुमची नाही, शब्दाची आहे. रेल्वेत तेल म्हटलं की इंजनाचं. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या घरात तेल म्हटलं की करडीचं, दुसरं काय असणार. मी तेवढा एक शब्द लिहायला पाहिजे होता.

करडीचं तेल वाळतं. तुमच्या तेलाच्या किटलीच्या तोंडाला बाहेरून कसा चिकट थर धरतो, नखानं खरवडावा लागतो? उन्हात ठेवल्यावर तोच थर साखळीच्या कडीकडीत बसला. मशीन मेलेली नाही, तुम्ही तिला वार्निश दिलंत एवढंच.

आता ऐका. जानेवारीत माझं येणं जमत नाही, इथं जरा काम निघालंय. म्हणून हे तुम्हीच करायचं आहे. घाबरू नका. शिलाई मशीन उघडून साफ करणारी बाई हेही करू शकते.

बाजूच्या झाकणाचे दोन नट सोडा, पट्टी आणि साखळी निघून हातात येईल. ट्रॅक्टरचं डिझेल एका पत्र्याच्या टोपल्यात घ्या, दोन दिवस त्यात बुडवून ठेवा, मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासा. तोवर इंजनाकडं बघा. प्लग काढा, पॉलिश पेपरनं घासा, वायरीला लावून लोखंडाला टेकवा आणि कुणाला तरी दोरी ओढायला सांगा. ठिणगी निळी दिसली तर मशीन जिवंत. कार्बोरेटरच्या चार स्क्रूंखाली रबराचा पातळ पडदा असतो, तो मऊ आहे का बघा.

आणि पदर खोचून, वर हरिओमचा जुना शर्ट घालून मगच हात लावा. पदर साखळीत गेला तर तुमचे राधाकिशनराव मला या जन्मी सोडायचे नाहीत.

नावाचं म्हणाल तर तुमचं पटलं. वहीत चौदावी लिहून टाकली, "बोरी बसस्टँड".

दिनकर

---

बोरी
२९ जानेवारी २०२४

दिनकरराव यांस रामराम.

सुटली. कडी न् कडी सुटली. दोन दिवस डिझेलात ठेवली, मंग मी आन अपेक्षानं मिळून घासली. टोपलं वाया गेलं, ब्रश वाया गेला, हाताचा वास चार दिवस जाईना. मालकांना वाढलं तर मनले, "वरणाला डिझेलचा वास यायलाय." मी मनलं, मंग चालायला लागा.

ठिणगी निळी हाय. लख्ख निळी. अपेक्षानं दोरी ओढली, मी प्लग धरला. तुमी सांगितलं न्हाई की धरणाऱ्या बाईला झटका बसतो. बसला. शेजारीण धावत आली येवढ्या मोठ्यानं मी वरडले. पण लय मजा आली, खरं सांगते. संध्याकाळी पुन्यांदा करून बघितलं, ह्या वक्ताला फडकं गुंडाळून.

रबराचा पडदा तेवढा वाळलेल्या पापडागत कडक झालाय. हात लावला आन मोडला.

तुमच्या लेकीचं एक सांगू का. भाकर थापताना तिचा हात नकाशा काढतो, कवा पूर्णा निघतं, कवा नांदेड. पण पाना हातात दिला की नटापुढं बसलेली बाई बघत राहावं. आईनं चुलीजवळ बसवलंच न्हाई वाटतं, सगळं बापानंच शिकवलं.

पडदा कुठं मिळंल ते कळवा. आता मला चैन पडायची न्हाई.

तानुबाई

---

बोरी
१० मार्च २०२४

दिनकरराव यांस.

पडद्याचं पाकीट फेब्रुवारीत मिळालं. आत पडदा होता, एक डबी टू-टी तेलाची होती, त्यावर "हे पेट्रोलमध्ये मिसळायचं, जुन्या लुनाला टाकतात तसं" येवढंच लिवलेलं. खुशाली न्हाई, नमस्कार न्हाई. तवापासून पत्र न्हाई.

मला कळलंय कामून ते. मी अपेक्षाच्या आईवरून बोलले. वारलेल्या बाईचं नाव मजाकीत घ्यायचं नसतं, येवढी अक्कल मला पाहिजे होती. पण तुमी बी लगेच असं तोंड फिरवायचं का? मनात असंल ते चार शिव्या लिवून धाडायच्या, मी वाचल्या असत्या. माझी जीभ लांब हाय हे लग्न जमवायला आलते तवाच तुमाला दिसलंय.

असो. तुमी रागात असले तरी हे सांगितल्याबिगर मला राहवत न्हाई. मशीन चालू झाली. आन तुमाला ऐकू येत न्हाई मनून आवाज लिवते, नीट वाचा.

पयल्यांदा दोरी ओढली तर निस्तं फुस्स. दुसऱ्यांदा बी फुस्स. चौथ्या-पाचव्याला खोकली, पहाटं आमचे मालक खोकतात तशी, एकच ठसका आन गप. मंग अपेक्षा मनली, "आत्या, सोडा, मी ओढते." तिनं ओढली आन टर्रर्र मनून अशी वरडली की शेळीनं दावं तोडलं. नंतर जरा निवली. हातात धरून उभी राहिले तर पातेल्यात तुरीची डाळ रटरटावी तसा आवाज, पण घाईत. बोटानं घोडा दाबला की आवाज बारीक आन उंच व्हायचा, सोडला की पुन्हा डाळ.

बांधावर एक वाळलेली बाभूळ आडवी पडलेली हाय, हिरवी न्हाई, काळजी करू नका. तिच्या फांदीवर टेकवली. लाकडात शिरल्यावर आवाज दबला, मळणी यंत्रात जास्तीचा पेंढा गेल्यावर दबतो तसा. मधीच एकदा अडकल्यागत झाला, मी सोडणार तेवढ्यात फांदी तुटली आन आवाज मोकळा सुटला. तो सुटलेला आवाज तुमी ऐकायला पाहिजे होता. मी तर हसायलेच लागले, येवढी म्हातारी बाई, रानात उभी राहून.

राग सोडा. न्हाई सोडला तर निदान तसं कळवा.

तानुबाई

---

पूर्णा
१७ मार्च २०२४

विहीणबाई,

राग कसला? अपेक्षाच्या आईला स्वतःलाच भाकर जमत नव्हती. लग्नानंतर पहिली भाकर तिनं मला वाढली तेव्हा मी विचारलं होतं, हे मोडून खायचं की करवतीनं. ती असती तर तुमचं पत्र तिनंच मोठ्यानं वाचून दाखवलं असतं.

आवाज लिहिलात. काय सांगू तुम्हाला. मशीन चालू झाली की लोक माझ्यापुढं अंगठा वर करतात, बस, तेवढंच माझ्यापर्यंत येतं. आवाज कसा आला हे मला आजवर कुणी सांगितलं नाही, आणि कुणाला विचारायचं मलाही सुचलं नाही. तुमचं ते डाळीचं वाचून मी मिरखेल चालू केली आणि हात ठेवून बसलो. डोळे भरून आले. चांगल्या अर्थानं.

पत्र लांबलं त्याचं कारण दुसरं आहे. माझा आदिनाथ परभणीला फ्लॅटमध्ये राहतो हे तुम्हाला माहीत आहे. तो म्हणतो, आता पूर्णा सोडा, माझ्याकडं या. मी हो म्हटलंय. वय झालं, एकट्यानं किती दिवस. सूनही चांगली आहे. पण दुसरा मजला, दोन खोल्या, खाली लोकांच्या गाड्या. तिथं करवतींना जागा नाही आणि त्यांचा आवाज शेजारी ऐकून घेणार नाहीत. इथलं पत्र्याचं शेड घरमालकाला आखितीपर्यंत मोकळं करून द्यायचं आहे.

मी चार ठिकाणी विचारलं. ठेवायला कुणी तयार नाही, चालवायला तर नाहीच. शेवटी नांदेडच्या भंगारवाल्याला शब्द दिला. पाडव्यानंतरच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. तेराच्या तेरा नेईल. वितळवणार, दुसरं काय करणार. तुमची बोरी बसस्टँड तेवढी तुमच्याकडं आहे, तिला जपा.

एक विनंती. अपेक्षाला यातलं सांगू नका. ती म्हणेल बोरीला आणून ठेवा. ते होणे नाही. ज्या घरी लेक दिली तिथं बापानं फळं घेऊन जायचं, चहा घ्यायचा आणि उजेडात निघायचं. सामान टाकायला जायचं नाही. माझ्या बापानं हे पाळलं, मीही पाळतो.

दिनकर

---

बोरी
२५ मार्च २०२४

दिनकरराव यांस.

अपेक्षाला सांगू नका मनले, मनून मी आदी तिलाच सांगितलं.

ती रडली. मंग तिनं मला जे सांगितलं ते तुमी लपवलं होतं. जानेवारीत "जरा काम निघालंय" मनले ते हे काम व्हय? रूळ वलांडताना मागून इंजन आलं, शिट्टीवर शिट्टी वाजली, तुमाला ऐकू आली न्हाई, आन गेटवरच्या माणसानं दंड धरून वढलं मनून वाचले. खांदा उतरला होता मने. आन त्याच खांद्यानं मला प्लग कसा काढायचा ते लिवत बसले. मी तिकडं भाकरीवरून रुसलात मनून जीव खायलेय आन तुमी हिकडं मरता मरता राहिले.

आदिनाथचं बरोबर हाय. पूर्णा सोडा. त्यात माझं एक अक्षर येगळं न्हाई.

पण मशिनींचं मी ऐकणार न्हाई. गोठा रिकामा हाय, पत्रे नवे हायेत, लाईट हाय. परभणीहून जिंतूरच्या गाडीत बसलं की बोरी कितीशी लांब. तेरा हिकडं आणा, तुमी येत जा, करत बसा. मालकांना इचारलं, ते मनले "येऊ द्या". त्यांनी येवढं बोलणं मंजी लय झालं.

तानुबाई

---

पूर्णा
२ एप्रिल २०२४

विहीणबाई,

तुमचं मन मोठं आहे. राधाकिशनरावांचंही. पण मी एकदा नाही म्हटलं ते नाहीच. उद्या बोरीत कुणी म्हणायला नको, की सुनेच्या बापानं घर मोडलं आणि पसारा आणून आमच्या गोठ्यात भरला. ते अपेक्षाला ऐकावं लागेल, आणि तिला ऐकू येतं.

माझा खांदा आता बरा आहे. मशिनी पुसून रांगेत ठेवल्यात. पिंगळीची दोरी बदलायची राहिली होती, ती काल बदलली. भंगारात जाणाऱ्या मशिनीला नवी दोरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं, पण बदलली.

हा विषय आता नको. दुसरं काही लिहा. हरभरा किती झाला?

दिनकर

---

बोरी
११ एप्रिल २०२४

श्री. दिनकरराव यांस, मुलाची आई तानुबाई हिच्याकडून.

हे पत्र पोस्टात टाकलं न्हाई. तुमचा जावई घेऊन आलाय. उत्तर घेतल्याबिगर त्याला घरात यायला बंदी हाय, तवा त्याला चहा द्या आन तुमी नीट बसून वाचा. आज विहीण मनून लिवायलेय.

तुमच्या लेकीचं लग्न झालं एकवीस सालच्या मे महिन्यात. करोना होता. पंचवीस माणसं, तोंडाला फडकी, भटजी दारात उभा राहून मंगलाष्टका मनला. तवा आमी हुंडा मागितला न्हाई, मानपान मागितला न्हाई, आन ते आमाला कवाच नको होतं. पण माझी सून माझ्या दारात बिगर रुखवताची आली. आमच्या गल्लीतल्या केशरबाईच्या सुनेचं रुखवत दोन टेबलं भरून होतं. शिंपल्यांचा बंगला होता, लोकरीचं बदक होतं, साऱ्या गावानं रांगेनं बघितलं. तवापासून ती मला इचारती, "तानुबाई, तुमच्या सुनेचं रुखवत कवा बघायला मिळायचं?" मी तीन वर्षं गप बसले. आता बसणार न्हाई.

मला माझ्या सुनेचं रुखवत पाहिजे.

आन रुखवत मंजी काय ते तुमाला सांगायला नको. पोरीच्या घरच्यांनी हातानं केलेलं, जीव लावून केलेलं. दुकानातून आणलेलं मी दारात उतरू देणार न्हाई. तुमच्या घरात हातानं केलेलं दुसरं काय हाय ते शोधा, मला तर त्या तेराच दिसायलेत. एकबी कमी चालायची न्हाई.

बापानं लेकीच्या सासरी ओझं टाकू नये, कबूल. पण रुखवताला ओझं मनलेलं मी आजवर ऐकलं न्हाई. रुखवत द्यायला बापाला लाज वाटत नसती, न देण्याची वाटती. आन ते मांडायला पोरीकडचंच माणूस लागतं, पुसायला लागतं, चालतं ठेवायला लागतं. तो माणूस हप्त्यातून दोनदा आला तर त्याला पाव्हणा मनत न्हाईत, रुखवतवाला मनतात.

आखितीचा मुहूर्त चांगला हाय. व्हय का न्हाई ते हरिओमजवळ लिवून द्या.

तानुबाई

---

पूर्णा
११ एप्रिल, दुपार

विहीणबाई,

जावईबापू चहा पिऊन वर्तमानपत्र वाचायलेत. मघाशी त्यांनी काहीतरी विचारलं, मी "उशिरानं धावतेय" म्हणालो. ते हसले, म्हणजे चुकलं असणार.

तुमच्यापुढं मी हरलो. एवढा विचार केला मी, महिनाभर झोप नाही, पण हा रस्ता मला दिसला नाही. देणं लागतो म्हटल्यावर बापाला नाही म्हणता येत नाही. आणि तुम्ही मागताय ते माझ्याजवळ आहे, याचा मला किती आनंद झालाय तो लिहिता येत नाही. मी मघाशी शेडमध्ये जाऊन एकेकीला सांगून आलो. म्हातारा चळला असं जावईबापूंना वाटलं असेल.

भंगारवाल्याला शेजाऱ्यांकरवी आत्ताच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

अपेक्षाच्या आईनं लेकीच्या रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल विणून ठेवले होते. ती गेल्यावर पेटी मी उघडलीच नव्हती. आज उघडली. पांढरे आहेत, कडेला लाल. बरेच आहेत. एकेका मशिनीखाली एकेक अंथरू. तेल सांडून डाग पडतील, पडू द्या.

आखितीला सकाळी टेम्पो घेऊन येतो. तेलाचा डबा मी आणीन. तुम्ही त्याची काळजी करू नका, खरंच करू नका.

आपला
दिनकर

---

बोरी
१२ मे २०२४

दिनकरराव यांस रामराम.

परभणीला नीट पोचलात, आदिनाथचा फोन आला. उजेडातच निघालात, तुमची रीत मोडली न्हाई. पण जेवून गेलात, येवढी मोडली, ते बरं झालं. बाजारच्या दिवशी या, जिंतूरची सकाळची गाडी रिकामी असती.

आखितीला गोठ्यात सगळ्या बाया बोलत होत्या आन तुमी मधी खुर्चीवर बसून ज्याला त्याला हात जोडायलते. तुमाला एक अक्षर कळलं नसणार. मनून कोण काय मनलं ते लिवते.

निम्म्या बायांना वाटलं ही गिरणी हाय. एकीनं इचारलं, ह्यात शेवया होतात का. चारठाण्याहून आलेली पाव्हणी मनली, "रुमाल मातर लय नाजूक विणलेत, कुणी विणले?" तिला मी सांगितलं. ती जरा येळ त्या लाल काठावरून बोट फिरवत उभी राहिली. मालक पिंगळीजवळ उभे राहून माणसांना समजावून सांगायलते, "हिची दोरी नवी हाय." माझ्या लग्नापासून आजवर मी त्यांना परक्या माणसासंगं येवढं बोलताना बघितलं न्हाई.

मंग केशरबाई आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं बघितलं, चौदाच्या चौदा, आन अपेक्षाला मनली, "पोरी, बापानं रुखवतात असली हत्यारं दिली व्हय? शोभेचं काही जमलं न्हाई का?" तुमाला वाटलं ती वानायलीय. तुमी उठून तिला बी हात जोडले.

माझ्या जिभेवर लय आलं होतं. पण अपेक्षानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. तिनं मिरखेल उचलली, पदर खोचला, पाय रोवला आन एका झटक्यात चालू केली. तुमी हसले ते मी बघितलं, तुमाला मशिनीच्या वाऱ्यानं रुमाल थरथरलेला दिसला असंल. लेकरं वरडत मागं पळाली. तिनं जरा येळ चालू ठेवली, बंद केली, जाग्यावर ठेवली. मंग मनली, "काकू, माझ्या आण्णांनी ह्यातल्या एकीचाबी आवाज कवा ऐकलेला न्हाई. तरी एकबी बंद पडू दिली न्हाई. मलाबी त्यांनी असंच वाढवलंय. ह्याच्यापरीस चांगलं रुखवत कुणाचं असंल तर मला दाखवा, मी बघायला येते."

केशरबाईनं कुंकवाचा करंडा घेतला, वाकली, आन पयलं कुंकू मिरखेलला लावलं.

हे पोरगी तुमाला तोंडानं सांगणार न्हाई. आन सांगितलं तरी तुमाला ऐकू यायचं न्हाई. मनून लिवलं.

तानुबाई